भीमेच्या काठाने भीमाशंकर: भोरगिरी ते खांडस, तीन दिवस

भीमाशंकरला जाणारे बहुतेक लोक मंचर–घोडेगाव–डिंभे रस्त्याने गाडी करून येतात. बसथांब्यापासून दोनशेहून अधिक पायऱ्या उतरतात, रांगेत उभे राहतात, दर्शन घेतात, पेढे घेतात आणि दम खात पुन्हा पायऱ्या चढतात. यात देऊळ दिसतं, पण ते या जागी का आहे हे कळत नाही. ते कळायला नदीच्या काठाने वर चढावं लागतं. म्हणून इथे दिलेला मार्ग उलटा आहे. राजगुरुनगरहून भीमेच्या खोऱ्यात शिरायचं, भोरगिरीला मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी रानातून देवळापाशी पोचायचं आणि तिसऱ्या दिवशी गणेश घाटाने कोकणात खांडसला उतरायचं. देशावरून निघून कोकणात संपणारी ही वाट आहे, त्यामुळे स्वतःची गाडी नेण्यात अर्थ नाही.

काळ निवडायचा तर कार्तिक किंवा मार्गशीर्ष. तेव्हा ओढ्यांना पाणी असतं, पण वाटांवरचं शेवाळ सुकलेलं असतं आणि ढगही वर गेलेले असतात. आषाढ-श्रावणात पठारावर दहा पावलांपुढचं दिसत नाही. श्रावणी सोमवारी गर्दी इतकी होते की खासगी गाड्या अलीकडे निगडाळेजवळ थांबवून पुढे एसटीच्या गाड्यांनी माणसं नेतात. फाल्गुनानंतर वाटेतले ओढे आटतात आणि पाण्याचं ओझं पाठीवर येतं. महाशिवरात्रीच्या जत्रेची गंमत वेगळी, पण त्या दोन-तीन दिवसांत रान बघायचं म्हणून जाऊ नये.

पहिला दिवस: राजगुरुनगर – चास – वाडा – भोरगिरी

पुण्याहून नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, म्हणजे जुनं खेड, साधारण चाळीस किलोमीटर. इथून भोरगिरी आणखी पन्नासच्या थोडं वर. एसटी आहे पण फेऱ्या मोजक्याच, म्हणून सकाळी स्थानकावर पोचल्याबरोबर फलकावरच्या वेळेवर न विसंबता चौकशी खिडकीवर विचारून घ्यावं. पैसे इथेच काढावेत. पुढे रेंज येते-जाते, आणि भोरगिरीत मोबाइलवरून पैसे देता येतील असं धरून चालू नये.

चासला उतरून तासभर घालवावा. थोरल्या बाजीरावांच्या पत्नी काशीबाई या चासच्या जोशांच्या लेक. त्यांचं माहेरचं हे गाव भीमेच्या काठावर आहे. सोमेश्वराचं देऊळ आणि त्यापुढची दीपमाळ पाहण्यासारखी आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास आलात तर दीपमाळ हा नुसता शोभेचा खांब नसतो हे लक्षात येतं. ही पौर्णिमा शंकराने त्रिपुरासुराला मारल्याची, आणि पुढे भीमाशंकरला जी कथा ऐकायची आहे तिची सुरुवात तिथूनच होते. चासच्या पुढे रस्ता चासकमान धरणाच्या पाण्याला बगल देत जातो. वाडा गेलं की दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ यायला लागतात. शिरगाव, टोकावडे, मग भोरगिरी. रस्ता इथे संपतो.

भोरगिरी हे महादेव कोळ्यांचं गाव. जेवण-मुक्काम घरगुती मिळतो, पण आदल्या दिवशी निरोप द्यायला हवा. अचानक आठ माणसं दारात उभी राहिली तर घरातल्यांना रात्री दळण काढावं लागतं. नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, भात इतकं गृहीत धरावं.

दुपार दोन ठिकाणांसाठी राखावी. पहिलं, नदीकाठचं कोटेश्वराचं देऊळ. देऊळ जीर्णोद्धारात बदललेलं आहे, त्यामुळे आत जाण्याआधी आवारात फिरावं. जुन्या देवळाचे कोरीव दगड तिथे पडलेले दिसतात आणि देवळाचं मूळ वय त्यांच्यावरूनच कळतं. परंपरा सांगते की उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या झंझ राजाने सह्याद्रीतल्या नद्यांच्या उगमांशी बारा शिवालयं बांधली. कुकडीच्या उगमाचं कुकडेश्वर, प्रवरेच्या वरच्या अंगाला रतनवाडीचं अमृतेश्वर, हरिश्चंद्रगडावरचं हरिश्चंद्रेश्वर, आणि भीमेसाठी भोरगिरीचं हे कोटेश्वर. झंझ काल्पनिक नाही. अरब प्रवासी अल् मसूदी इ.स. ९१६ मध्ये चौलला आला तेव्हा तिथे याच नावाचा राजा होता, आणि झंझाने शिवाची बारा देवळं बांधल्याचा उल्लेख शिलाहारांच्या ताम्रपटातही आहे. ताम्रपटातली बारा देवळं नेमकी हीच का, हे मात्र लोकांच्या सांगण्यावर आहे. आज उभी असलेली यांपैकी बरीच देवळं बांधणीवरून झंझानंतरची वाटतात. तरीही उगमाशी शिवालय हा विचार खोटा ठरत नाही. या पट्ट्यात नदी जिथे पहिल्यांदा नदीसारखी दिसते तिथे पिंड असतेच.

दुसरं ठिकाण भोरगिरीचा किल्ला, जुन्या भाषेत भवरगिरी. गावातून पाऊण तासात वर जाता येतं. तटबंदी शोधू नका, फारशी नाही. कातळात खोदलेली लेणी आणि पाण्याची टाकी हाच किल्ल्याचा ऐवज. एका लेण्यात शिवलिंग आहे. सूर्य मावळायच्या आत उतरावं, कारण वरून येताना गवतात वाटा फुटतात आणि अंधारात ओढ्याकडे जाणारी ढोरवाट मुख्य वाटेपेक्षा ठळक दिसते.

दुसरा दिवस: भोरगिरी – गुप्त भीमाशंकर – भीमाशंकर

अंतर सात-आठ किलोमीटर. सामान घेऊन, थांबत-थांबत तीन ते साडेतीन तास लागतात. चढ अंगावर येणारा नाही, टप्प्याटप्प्याने आहे. अडचण येते ती वाट चुकण्याची. गावातून निघताना भाताच्या खाचरांच्या बांधावरून जावं लागतं. कार्तिकात कापणी-झोडणी चालू असते, तेव्हा बांध सोडून खाचरात पाय टाकू नये. खाचरं संपली की ओढे ओलांडावे लागतात आणि तिथेच पहिला घोळ होतो. ओढ्याच्या पात्रातून वर जाणारी वाट सोपी वाटते म्हणून लोक ती धरतात. शंभर-दीडशे पावलांवर ती कातळाशी संपते. ओढा ओलांडल्यावर समोरच्या काठावर मळलेली वाट सापडलीच पाहिजे. नसेल तर परत मागे यावं, तिरपं चढत सुटू नये. झाडांवर आणि दगडांवर बाण रंगवलेले आहेत, पण पावसाळ्यानंतर काही पुसट होतात. गावातला एखादा माहीतगार सोबत घेतला तर वाट तर सापडतेच, शिवाय झाडांची नावंही कळतात.

पावसाळ्यात ही वाट करणारे खूप असतात, म्हणून एक गोष्ट ठळक सांगायला हवी. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सकाळी घोट्याएवढं पाणी असलेला ओढा वर माथ्यावर सर कोसळली की अर्ध्या तासात कमरेला लागतो, आणि तुम्ही उभे आहात तिथे तेव्हा ऊनही असू शकतं. पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पाला-काटक्या वाहून यायला लागल्या की ओलांडायचं नाही. अलीकडेच बसून राहायचं. पाऊस थांबला की हे ओढे चढले तितक्याच लवकर उतरतात.

खाचरांच्या वर रान दाट होत जातं. हिरडा, बेहडा, जांभूळ, आंबा, उंबर, अंजनी, पिसा. कडेच्या उतारांवर कारवी. हिरडा इथल्या घरांच्या रोख उत्पन्नाचा मोठा आधार आहे. कोवळी फळं वाळवून बाळहिरडा म्हणून विकतात, म्हणून हिरड्याच्या झाडाला वाडीत मान असतो. वर पाहत चालावं. फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचे मोठे गोळे दिसतात, ती शेकरूची घरटी. एकच शेकरू अनेक घरटी बांधतं, त्यामुळे दहा घरटी दिसली म्हणजे दहा शेकरं आहेत असा हिशेब करू नये. शेकरू दिसायच्या आधी ऐकू येतं, खटखटीसारखा कडक, तुटक आवाज. ते जमिनीवर सहसा येत नाही. एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्यावर जातं, म्हणून त्याला फांदीला फांदी भिडलेलं रान लागतं. मध्ये वीस मीटरची मोकळी पट्टी पडली की त्याचं राज्य दुभंगतं. महाराष्ट्राच्या या राज्यप्राण्यासाठी १९८५ साली सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं. पुणे, ठाणे आणि रायगड या तिन्ही जिल्ह्यांत ते पसरलेलं आहे.

देवळाच्या दोनेक किलोमीटर अलीकडे गुप्त भीमाशंकर लागतं. भीमा देवळाशी उगम पावते, लगेच जमिनीत लुप्त होते आणि रानात इथे पुन्हा प्रकट होते अशी श्रद्धा आहे. ओढ्याच्या पात्रात, छोट्या धबधब्याखाली कातळात पिंड आहे आणि पाणी तिच्यावर अखंड पडत असतं. कार्तिकात धार बारीक असते, तेव्हा पिंड नीट दिसते. भर पावसात ती फेसाखाली असते आणि कातळ इतका निसरडा होतो की दरवर्षी इथे कुणाचा ना कुणाचा पाय मुरगळतो. बूट काढून अनवाणी जावं, भक्ती म्हणूनही आणि पकड म्हणूनही. शेवाळावर रबरी तळव्यापेक्षा पायाची बोटं जास्त कामाची.

जेवायला इथे थांबावं आणि कथा इथेच सांगाव्यात, कारण पुढे देवळात बोलायला उसंत मिळत नाही.

शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेतली कथा अशी. कुंभकर्ण आणि कर्कटी यांचा मुलगा भीम. कर्कटी सह्य पर्वतावर राहणारी. तिचा पहिला नवरा विराध रामाच्या हातून मेला, आईबाप सुतीक्ष्ण ऋषींना खायला गेले आणि त्यांच्या तपाने जळून गेले, मग कुंभकर्णही रामाच्याच हातून गेला. हे सगळं आईच्या तोंडून कळल्यावर भीमाने तप केलं, ब्रह्मदेवाकडून बळ मिळवलं आणि देवांना पळवून लावलं. कामरूपाचा राजा सुदक्षिण शिवभक्त. भीमाने त्याला कैदेत टाकलं. राजाने कैदेतच मातीचं पार्थिव लिंग करून पूजा चालू ठेवली. भीमाने त्या लिंगावर तलवार उगारली तेव्हा त्यातून शंकर प्रकटला. युद्ध झालं, आणि शेवटी नारदाच्या विनंतीवरून शंकराने नुसत्या हुंकाराने भीमाला भस्म केलं. राक्षसांची राख रानभर पसरली आणि तिच्यातून नाना गुणांच्या वनौषधी उगवल्या. देवांच्या आग्रहावरून शंकर तिथेच राहिला, तो भीमशंकर.

आता वाद. कामरूप म्हणजे आसाम, म्हणून खरं ज्योतिर्लिंग गुवाहाटीजवळ पामोहीला आहे असं तिथले लोक मानतात. उत्तराखंडात काशीपूरचं मोटेश्वर महादेव हाही एक दावेदार. बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रात ‘डाकिन्यां भीमशंकरम्’ असं आहे, आणि डाकिनी कुठली हे प्रत्येक जण आपल्याकडे ओढतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये आसाम सरकारच्या जाहिरातीत सहावं ज्योतिर्लिंग आसामात असल्याचं छापून आलं, तेव्हा महाराष्ट्रात राजकीय गदारोळही झाला. आपल्या बाजूने सह्य पर्वत आहे, शतकानुशतकांची यात्रा आहे आणि भीमा नदी आहे. पुराणातल्या भूगोलावर खटला चालवून निकाल लागत नसतो, तेव्हा त्यात फार वेळ घालवू नये.

दुसरी कथा नदीची. त्रिपुरासुराचा वध करून थकलेला शंकर सह्याद्रीच्या माथ्यावर विसाव्याला बसला आणि त्याच्या घामाच्या धारांतून भीमा झाली. आणखी एका कथेत भीमक नावाचा सूर्यवंशी राजा येतो. शिकारीत हरणाच्या रूपातल्या ऋषीला त्याच्या हातून बाण लागला, प्रायश्चित्त म्हणून त्याने इथे तप केलं, आणि शंकराने आपल्या घामाची नदी करून तिला त्याचं नाव दिलं. पावसाळ्यात या माथ्यावर उभं राहिलं, की कातळाच्या प्रत्येक भेगेतून पाणी पाझरताना दिसतं. घामाची कथा रचणाऱ्याने हे पाहिलेलं असणार. हीच नदी पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते आणि ८६१ किलोमीटर वाहून रायचूरजवळ कृष्णेला मिळते. वारकऱ्यांची चंद्रभागा आणि ज्योतिर्लिंगाची भीमा एकच, हे माहीत सगळ्यांना असतं, पण ते दिसतं इथे, तळहाताएवढ्या रुंदीच्या धारेपाशी.

तिसरी कथा सगळ्यात साधी आणि आमच्या मते सगळ्यात इथली. भातिराव नावाचा लाकूडतोड्या या रानात झाड तोडत होता. कुऱ्हाडीचा घाव बसताच जमिनीतून रक्त उसळलं. लोक धावले. एकाने दुभती गाय आणून उभी केली, तिच्या दुधाची धार पडताच रक्त थांबलं आणि तिथे लिंग दिसलं. अशी कथा इतरही देवळांना जोडलेली आढळते, हे खरं. पण सह्याद्रीच्या या पट्ट्यात तिला अर्थ आहे. आहुप्यापासून खाली भोरगिरीपर्यंत देवरायांची परंपरा आहे. देवाच्या नावाने राखलेल्या रानात कुऱ्हाड चालत नाही, वाळलेली फांदीही विचारल्याशिवाय उचलत नाहीत. कुऱ्हाड लागली तर देवाला रक्त येतं, हा त्या नियमाचा मजकूर आहे. अभयारण्याचा कायदा नंतर आला. तोवर रान राखलं ते या गोष्टीने.

गुप्त भीमाशंकरापासून देवळापर्यंतची वाट रुळलेली आहे, अर्धा-पाऊण तास. दुपारी देवळाशी पोचलात तर तीनच्या सुमाराला मध्यान्ह आरतीसाठी दर्शन थांबतं, साधारण पाऊण तास. रांगेत उभं राहून चिडण्यापेक्षा तेवढ्या वेळात मुक्कामाची सोय लावावी. धर्मशाळा आणि पुजाऱ्यांची घरं आहेत. चारनंतर शृंगार-दर्शन सुरू होतं, त्यात मूळ लिंग मुखवट्याखाली असतं. लिंग पाहायचं तर पहाटे यायला हवं. वेळा सणावारी बदलतात आणि देवळाच्या परिसरात कामं चालू असली तर दर्शनावर बंधनं येतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करावी.

पावसाळ्यात आलात तर रात्रीसाठी एक गोष्ट आहे. जून ते सप्टेंबरमध्ये या रानातली कुजणारी लाकडं हिरवट उजेडाने चमकतात. ती एक प्रकारची बुरशी. तिच्या पेशींतल्या रसायनाचा प्राणवायूशी संयोग झाला की थंड प्रकाश निघतो. लाकूड ओलं हवं, हवा दमट हवी आणि चांदणं नको. टॉर्च बंद करून दहा-पंधरा मिनिटं गप्प उभं राहिल्याशिवाय डोळ्यांना काही दिसत नाही, आणि एकाने मोबाइल पेटवला की सगळ्यांची पंधरा मिनिटं पुन्हा शून्यावर येतात. रात्री अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते. ती न काढता जाणं हा गुन्हा आहे.

तिसरा दिवस: देऊळ, नागफणी, गणेश घाट, खांडस

पहाटे साडेचारच्या सुमाराला देऊळ उघडतं. काकड आरतीनंतरचं निजरूप दर्शन चुकवू नये. गाभारा सभामंडपापेक्षा खोल आहे. लिंग आकाराने लहान, त्यावर मधोमध रेषा. तिच्यामुळे अर्धा शिव, अर्धी शक्ती असं ते अर्धनारीनटेश्वराचं रूप मानतात. आत फार वेळ मिळत नाही.

म्हणून बाहेर वेळ काढावा. देऊळ दोन काळांचं आहे. खालचा दगडी भाग जुना, मोडत-मोडत जाणाऱ्या कोपऱ्यांचा, मूर्ती असलेला. वरचं शिखर नाना फडणवीसांनी अठराव्या शतकात बांधून घेतलेलं. उजाडताना देवळाला एक फेरी घातली की जुना दगड आणि पेशवाई बांधणी यांचा सांधा डोळ्यांना कळतो. दोन्हींना ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळं होऊ नये. त्याआधी शिवछत्रपतींनी खेड तालुक्यातलं खरोशी गाव या देवाच्या पूजेअर्चेसाठी लावून दिल्याचं देवस्थानची परंपरा सांगते.

देवळासमोर शनीच्या छोट्या देवळापाशी मोठी घंटा टांगलेली आहे. ती देवळाची वाटत नाही, आणि नाहीच. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा चर्चच्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. त्यांतली एक इथे, एक वाईजवळ मेणवलीला, काही पुण्याच्या परिसरातल्या देवळांत. हिंदू देवळाची घंटा आतून लोळीने वाजते तशी हीही वाजते, पण आकार पाहा. तोंडाशी पसरलेली, जाड, उंच मनोऱ्यात झुलवण्यासाठी ओतलेली. अंगावर ख्रिस्ती चिन्ह आहे. कोकणातून ही घाट चढवून आणायला किती माणसं आणि बैल लागले असतील याचा अंदाज आज दुपारी तोच सह्याद्री उतरताना गुडघ्यांना येईल.

जवळच कमळजेचं देऊळ. त्रिपुरासुराशी लढताना पार्वतीने कमळजा रूपाने शंकराला साथ दिली आणि ब्रह्मदेवाने तिची कमळांनी पूजा केली, अशी कथा. शाकिनी आणि डाकिनी या शंकराच्या मदतनीस, त्यांनाही इथे मान आहे. स्तोत्रातली डाकिनी ही असं इथले पुजारी सांगतात. देवळामागे मोक्षकुंड, शिवाय सर्वतीर्थ, ज्ञानकुंड आणि जिथून भीमा पूर्वेला वाहू लागते ते कुशारण्य तीर्थ. कुंडांची अवस्था पाहून वाईट वाटतं. निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या, दुधाच्या रिकाम्या पिशव्या. नदीच्या जन्माच्या ठिकाणी तिच्यात पहिली पडते ती भक्तांची पिशवी. अभिषेकाचं दूध पितळी तांब्यातून न्यावं, पिशवी परत आणावी.

नऊच्या आत निघावं. बसथांब्याच्या अंगाने हनुमान तळ्याकडे आणि पुढे नागफणीला वाट जाते. नागफणी हा या परिसरातला सगळ्यात उंच माथा. पूर्वेला उतारावर पडलेलं पाणी भीमेतून बंगालच्या उपसागराला जातं, पश्चिमेला कड्यावरून पडलेलं कोकणातून अरबी समुद्राला. कड्याच्या टोकाशी गवत असतं आणि गवताखाली जमीन असतेच असं नाही. वारा पूर्वेकडून असेल तर टोकापासून दोन माणसांच्या उंचीइतकं अंतर ठेवून बसावं. माकडांसमोर डबा उघडू नये.

खांडसची उतरण आठशे मीटरहून अधिक. गणेश घाटाने चार ते पाच तास. प्रत्येकाकडे तीन लिटर पाणी हवं, कारण पदरवाडीच्या विहिरीपर्यंत भरवशाचं पाणी नाही. काठी घ्यावी. बुटांची नाडी उतरताना घट्ट हवी, नाहीतर अंगठ्याचं नख निळं पडतं. पहिला टप्पा माथ्यावरून पदरापर्यंत, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीपर्यंत, दाट रानातून सलग तीव्र उतार, तास-सव्वा तास. सुटी माती आणि वाळलेला पाला यावर घसरायला होतं ते इथेच. टाच टेकवून नव्हे, पाऊल आडवं ठेवून उतरावं.

पदरवाडीशी वाटा फुटतात. एक सरळ शिडी घाटाकडे, एक गणेश घाटाकडे. शिडी घाट जवळचा, पण त्यात तीन लोखंडी शिड्या आणि मध्ये उघड्या कातळावरून आडवं जाणं आहे. चढताना तो एक वेळ चालतो. पाठीवर सामान घेऊन उतरताना पुढची पायरी दिसत नाही, आणि पावसात शिडीवरच पाणी पडत असतं. तीन दिवसांच्या थकव्यानंतर तो करू नये. वाडीत विचारून गणेश घाटाची वाट पक्की करून घ्यावी, कारण फाट्यावर शिडीकडे जाणारी वाटच जास्त मळलेली दिसते.

गणेश घाटाची वाट पदरगडाला वळसा घालत जाते. पदरगडाचे सुळके डोक्यावर दिसत राहतात. त्यातल्या एकाला कलावंतिणीचा महाल म्हणतात. वर जायचा मोह आवरावा, तो दोर आणि माहितगार घेऊन स्वतंत्र दिवशी करायचा गड आहे. पुढे गणपतीचं छोटं देऊळ लागतं. इथे सावली आहे, शेवटची मोठी विश्रांती इथेच. देवळापासून खांडसच्या रस्त्याला लागायला तासभर पुरतो. हा शेवटचा तास उघड्या उतारावरून, दुपारच्या उन्हात असतो. टोपी नसलेल्यांचं डोकं इथे दुखायला लागतं आणि पाणी संपलेलं असतं.

खांडसहून कशेळेपर्यंत सहा आसनी किंवा जीप मिळते, कशेळ्याहून कर्जत किंवा नेरळ. एकूण तीस-पस्तीस किलोमीटर. पाचच्या आत खांडसला पोचलं तर वाहन सहज मिळतं. सातनंतर गावातून खास गाडी ठरवावी लागते आणि तिचे पैसे पूर्ण गाडीचे द्यावे लागतात, माणसं चार असोत की दहा. कर्जतहून पुण्याकडे परतणाऱ्यांनी रात्री खोपोलीला जाणारी लोकल आणि घाट चढणारी गाडी यांत गोंधळ करू नये. पुण्याला जाणाऱ्या गाड्या लोकलच्या फलकावर दिसत नाहीत.